माहिती असते, पण पोहोचत नाही: विकासक्षेत्रातले ईमेल चर्चागट कसे चालतात आणि कसे वापरावेत

1983 साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा या त्वचारोगतज्ज्ञांना पश्चिम बंगालमधल्या काही रुग्णांच्या त्वचेवर वेगळीच लक्षणं दिसली. त्यांनी निदान केलं: आर्सेनिकची विषबाधा, आणि तीसुद्धा कूपनलिकेच्या पाण्यातून. 1987पर्यंत सीमेपलीकडच्या बांगलादेशातून आलेले काही रुग्णही त्यांच्या पाहण्यात आले होते. बांगलादेशाच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाला मात्र आपल्या देशातल्या पाण्यात आर्सेनिक सापडलं ते 1993च्या अखेरीस, चापाइ नवाबगंज भागात.

मधली दहा वर्षं लोक तेच पाणी पीत राहिले, आणि नव्या कूपनलिकाही खोदल्या जात राहिल्या. त्या खोदण्यामागे हेतू अगदी चांगला होता. तळ्या-डबक्यांच्या पाण्याने होणाऱ्या जुलाबांनी मुलं दगावत होती, म्हणून 1970च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं गेलं. पाण्याच्या तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक पाहण्याची पद्धतच नव्हती. पुढे 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात अंदाज आला की 12.5 कोटी लोकसंख्येपैकी 3.5 ते 7.7 कोटी लोकांना या पाण्यापासून धोका आहे.

एखादा चर्चागट तेव्हा असता तर हे टळलं असतं, असा माझा दावा नाही. सरकारी यंत्रणा, निधी, राजकारण अशी अनेक कारणं त्यात होती. पण ज्याला माहीत आहे तो आणि ज्याला ते कळायला हवं तो, या दोघांत इथे केवळ काहीशे किलोमीटरचं अंतर होतं. भाषासुद्धा एकच होती. तरी गाठ पडली नाही. पाणी, आरोग्य, शेती, शिक्षण, आपत्तीनिवारण अशा कामांत गुंतलेल्या जगभरच्या लोकांचे जे चर्चागट इंटरनेटवर चालतात, ते ही गाठ पडावी म्हणून. आणि ते नीट वापरायला शिकणं हा कामाचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं.

या गटांमागे एक जुना विचार आहे. 1991 साली जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी असं मांडलं की माणूस एखादं काम शिकतो ते प्रामुख्याने ते काम करणाऱ्यांच्या सोबतीत. नवखा आधी कडेला उभा राहून पाहतो, छोटी कामं करतो, हळूहळू आत येतो. अशा समूहाला त्यांनी ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ हे नाव दिलं. वेंगर यांनी पुढे त्याची तीन अंगं सांगितली: सगळ्यांच्या आस्थेचा एक विषय, एकमेकांशी जोडलेली माणसं, आणि कामातून साठत जाणारी समाईक शहाणीव. यातलं एक जरी नसेल तर गट नावापुरता उरतो. विषय आहे पण ओळखी नाहीत, असं झालं की तो सूचनाफलक बनतो. ओळखी आहेत पण विषय नाही, तर उरतात फक्त सणावारांच्या शुभेच्छा.

1990च्या दशकात इंटरनेट पसरू लागलं तेव्हा मोठ्या संस्थांचंही याकडे लक्ष गेलं. जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी 1996 साली बँकेने पैशाबरोबर ज्ञानाचीही बँक व्हावं असं जाहीर केलं. स्वतःला विकास क्षेत्रातल्या ज्ञानव्यवस्थापनासाठी, म्हणजे कामातून आलेलं ज्ञान जपून इतरांपर्यंत पोहोचवण्यासाठी, वाहून घेतलेला ‘केएम फॉर डेव्ह’ हा समूह 2000 साली सुरू झाला. आणि 2002 साली बेलानेट, हिवोस, आयआयसीडी यांसारख्या काही संस्थांनी एकत्र येऊन ‘डीग्रुप्स’ नावाची सोय उभी केली. विकासकामातल्या कोणत्याही संस्थेला तिथे आपला चर्चागट चालवता यावा, जाहिराती नसाव्यात, आणि कमजोर इंटरनेटवरही तो वापरता यावा, हा हेतू. ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणारं ‘रूरल वॉटर सप्लाय नेटवर्क’, आरोग्यविषयक माहिती सर्वांपर्यंत जावी म्हणून 2006 साली सुरू झालेलं ‘हिफा’, अशा अनेक समूहांच्या चर्चा या सोयीवर चालल्या आहेत.

यातली सगळ्यात महत्त्वाची निवड होती ईमेलची. नव्या माणसाला ती जुनाट वाटते. गटाचा एकच ईमेल पत्ता असतो. त्या पत्त्यावर तुम्ही मेल पाठवलं की सर्व्हर त्याच्या प्रती काढून प्रत्येक सदस्याला पाठवतो आणि एक प्रत वेबसाइटवरच्या साठ्यात ठेवतो. कोणी उत्तर दिलं की तेही तसंच सगळ्यांना जातं. यंत्रणा एवढीच. पण तिचे फायदे पाहा. साध्या मजकुराचं मेल काही किलोबाइटचं असतं. फोनमधला एक फोटो त्याच्या हजारपट जागा घेतो. ज्या तालुक्याच्या गावी दिवसातून तासभरच नेटवर्क मिळतं, तिथली परिचारिका रात्री उत्तर लिहून ठेवू शकते. नेटवर्क आलं की ते आपोआप निघून जातं. एकाच वेळी सगळ्यांनी ऑनलाइन असण्याची गरज नसते. फिजीत सकाळी विचारलेला प्रश्न पेरूतला अभियंता त्याच्या सकाळी वाचतो. आणि वेगळं ॲप नको, नवा फोन नको.

मग व्हॉट्सॲप का नको, असं हमखास विचारलं जातं. तातडीच्या निरोपासाठी ते उत्तमच आहे. पूर आला, औषधं कुठे उतरवायची हे ठरवायचंय, तर तेच वापरावं. पण तिथे सदस्यांचे फोन नंबर सगळ्या गटाला दिसतात, सदस्यांची मर्यादा 1,024 आहे, आणि मंगळवारी आलेलं मोलाचं उत्तर शुक्रवारपर्यंत शेकडो निरोपांखाली गाडलं जातं. तीन वर्षांनी तोच प्रश्न पडलेल्या माणसाला ते सापडणार कसं? माझ्या मते हा निकषच निर्णायक आहे: जे बोललं जातंय ते नंतर येणाऱ्याच्या उपयोगी पडणार असेल, तर ते साठ्यात राहील अशा जागी बोलावं.

गटात आल्यावर पहिल्याच दिवशी दोन-तीन गोष्टी ठरवून टाका. प्रत्येक मेल लगेच हवं, दिवसाचं एकत्र बाड म्हणजे डायजेस्ट हवं, की मेल नकोच, वेबसाइटवर जाऊन वाचेन, हे बहुतेक गटांत निवडता येतं. चारशे न वाचलेल्या मेलांचा ढीग पाहून गट सोडून जाणारे बरेच जण डायजेस्टवर आनंदाने टिकले असते. नोंदणी शक्यतो वैयक्तिक पत्त्याने करा. या क्षेत्रात प्रकल्प संपतात, नोकऱ्या बदलतात, आणि संस्थेचा पत्ता बंद झाला की माणूस गटातून नकळत गळून पडतो. ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर लावाल तेव्हा ते गटाच्या पत्त्यावर जाणार नाही याचीही खात्री करा.

आणखी एक बारीक गोष्ट. नवा प्रश्न विचारायचा तर नवं मेल उघडा. जुन्या मेलला रिप्लाय करून वरचा सब्जेक्ट बदलला तरी मेलच्या आत न दिसणारी एक खूण राहते, आणि अनेक प्रोग्रॅम त्या खुणेवरून मेलं एकत्र गुंफतात. तुमचा शौचालयाच्या खड्ड्याबद्दलचा प्रश्न मग पावसाच्या पाण्याच्या जुन्या धाग्यात जाऊन बसतो आणि कोणाला दिसतच नाही.

आता खरा विषय: प्रश्न कसा विचारायचा.

समजा कोणी लिहिलं, ‘आमच्या गावातल्या हापशाला लाल पाणी येतं. लोक ते पीत नाहीत. काय उपाय?’ कळकळ खरी आहे, पण याला उत्तर देता येत नाही. जाणकार माणूस वाचतो, चार उलटे प्रश्न मनात येतात, ते विचारायला वेळ नसतो, आणि तो पुढच्या मेलकडे वळतो. दोन-चार उत्तरं येतात तीही ‘पाणी गाळून पाहा’ अशी.

हाच प्रश्न असा आला तर: ‘आमच्या भागात गेल्या दोन वर्षांत इंडिया मार्क 2 जातीचे हापसे बसवले. बोअरची खोली साधारण 40 मीटर. खालचे उभे पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. पाण्याचा पीएच 5.8च्या आसपास. पहिल्या वर्षापासूनच सकाळचं पाणी लालसर आणि चवीला तुरट. लोक पुन्हा झऱ्यावर जाऊ लागलेत. लोह काढणारा फिल्टर बसवून पाहिला, पण तो वारंवार तुंबतो. अशा पाण्यात कोणी दुसरे पाइप वापरले आहेत का? खर्च आणि देखभालीचा अनुभव काय?’

या मेलमध्ये जाणकाराला लागणारं जवळपास सगळं आहे: जागा कशी आहे, काय बसवलंय, काय मोजलंय, काय करून पाहिलं आणि ते का फसलं, आणि नेमकं काय हवंय. पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे दाखवणारा, आकडा वाचताच या विषयातला माणूस सावध होईल, कारण पीएच 6.5च्या खाली असलेल्या पाण्यात जीआयचे पाइप झपाट्याने गंजतात. 1980च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत झालेल्या हापशांच्या अभ्यासातून हे पुढे आलेलं आहे. तो लगेच सुचवेल की आधी एक साधी चाचणी करा. रात्रभर न वापरलेल्या हापशाचं सकाळचं पहिलं पाणी एका बाटलीत घ्या. मग बराच वेळ हापसत राहा आणि दुसरा नमुना घ्या. दोन्हींतलं लोह मोजा. पहिल्यात भरपूर आणि दुसऱ्यात अगदी कमी निघालं, तर लोह पाइपांच्या गंजाचं आहे. दोन्हींत सारखंच असेल, तर ते जमिनीतलं.

या एका चाचणीने उपायाची दिशाच बदलते. दोष पाइपांत असेल तर फिल्टरवर घातलेला पैसा वाया जातोय. पाइप बदलायला हवेत. मग दुसरा कोणी सांगेल की स्टेनलेस स्टीलचे टिकतात पण महाग पडतात. तिसरा सांगेल की ॲफ्रिडेव्ह जातीच्या पंपात प्लॅस्टिकचे म्हणजे यूपीव्हीसीचे पाइप असतात, त्यांना गंज चढत नाही, पण तो पंप साधारण 45 मीटरपर्यंतच चालतो. चौथा म्हणेल, आमच्याकडे ते सुटे भागच मिळत नाहीत. ते चौथं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पंपाच्या पुस्तिकेत ते नसतं.

उत्तर देणाऱ्याकडूनही हीच अपेक्षा असते. ‘समुदायाचा सहभाग महत्त्वाचा’ हे वाक्य खोटं नाही, पण त्याने कोणाचा हापसा सुरू होत नाही. तुम्ही कुठे काय केलं, किती काळ टिकलं, कुठे अडलं, पुन्हा करायची वेळ आली तर काय वेगळं कराल, एवढं चार ओळींत लिहिलं तरी पुरे. फसलेलं काम सांगायला धीर लागतो, कारण त्याच गटात तुमचे देणगीदारही बसलेले असू शकतात. म्हणून तर असं प्रांजळपणे लिहिणाऱ्याचे आभार सगळ्यांसमोर मानावेत. आणि उत्तर प्रश्नकर्त्याला खाजगीत पाठवण्यापेक्षा गटात द्यावं. खाजगी उत्तराने एकाचं काम होतं, पण उरलेल्या हजार जणांना ते कधीच कळत नाही.

यावर एक सुंदर पद्धत भारतातल्या संयुक्त राष्ट्र संस्थांनी 2005 साली सुरू केलेल्या ‘सोल्यूशन एक्स्चेंज’मध्ये होती. सदस्याचा प्रश्न आधी नेमका करून घेऊन गटात पाठवला जाई. काही आठवडे उत्तरं येत. मग मॉडरेटर, म्हणजे गट सांभाळणारा माणूस, आणि त्याचा संशोधन सहकारी सगळी उत्तरं वाचून एक एकत्रित उत्तर तयार करत: मुख्य मुद्दे, कुठे काय अनुभव आला, कोणाशी बोलता येईल, वाचायला काय आहे. ते सगळ्यांना पाठवलं जाई. अशाने चाळीस मेलांची सरमिसळ एका वाचनीय दस्तऐवजात येते, आणि घाईत असलेल्या अधिकाऱ्याच्याही हाती देता येते.

हे काम करणारा मॉडरेटर हाच गटाचा प्राण. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की तो फक्त स्पॅम अडवतो. प्रत्यक्षात तो अर्धवट प्रश्न परत पाठवून ‘पीएच किती आहे तेही लिहा ना’ असं सुचवतो. अमुक विषयात तमुक बाईंनी आयुष्य घातलंय हे त्याला ठाऊक असतं. तो त्यांना वेगळं मेल लिहून उत्तर द्यायला सांगतो. दोघांचं वाजलं तर त्यांना शांत करतो. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याचं मेल अनुत्तरित राहू देत नाही, कारण अशा शांततेनंतर माणूस सहसा पुन्हा लिहीत नाही. आणि महिना दीड महिना गट सुस्त पडला तर स्वतः एखादा धगधगता प्रश्न टाकतो. अनेक संस्था सॉफ्टवेअरसाठी निधी काढतात आणि मॉडरेशन कोणाच्या तरी ‘इतर जबाबदाऱ्यां’त ढकलतात. गट बंद पडण्याचं मला दिसणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. या कामाला वेळ, पगार आणि मान द्यायला हवा.

बहुसंख्य सदस्य कधीच लिहीत नाहीत, यावरून पुष्कळ संयोजक खचतात. ऑनलाइन समूहांबद्दल जेकब नील्सन या वेबसाइट-वापराच्या अभ्यासकांनी 2006 साली एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सतत लिहितो. वाचणारे नव्वद वाया गेले असं मात्र मानू नये. लेव्ह आणि वेंगर म्हणतात तो कडेला उभा राहून शिकणारा नवखा त्यांच्यातच असतो. त्यांनी वाचलेलं त्यांच्या कामात उतरतं. ते मोजता येत नाही एवढंच.

काळजी करायचीच तर ती गटात नसलेल्यांची करावी. 1983 सालीच रॉबर्ट चेंबर्स या विकास-अभ्यासकांनी ग्रामीण विकासातल्या तज्ज्ञांच्या नजरेवर बोट ठेवलं होतं. तज्ज्ञ डांबरी रस्त्याच्या कडेची गावं पाहतात, कोरड्या दिवसांत जातात, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी बोलतात, आणि त्यालाच सगळं गाव समजतात. ईमेल गटांतही असा डांबरी रस्ता आहे. तो इंग्रजीचा आहे, इंटरनेटचा आहे, आणि मोठ्या संस्थेतल्या हुद्द्याचाही आहे. राजधानीतला सल्लागार दहा मिनिटांत तीन परिच्छेद लिहून मोकळा होतो. पाइप स्वतः उपसून पाहिलेला मेकॅनिक चुकीच्या इंग्रजीच्या लाजेने गप्प बसतो. चर्चेत मग उरतं ते पाइप न पाहिलेल्यांचं मत.

याला उपाय आहेत, पण ते कोणीतरी मुद्दाम करावे लागतात. ‘हिफा’ने इंग्रजीबरोबर फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश अशा भाषांतही गट चालवले. मशीन भाषांतर आता इतपत सुधारलंय की आपल्या भाषेत लिहा, सोबत कच्चं इंग्रजी भाषांतर जोडा, असं सांगता येतं. मात्र औषधाचं प्रमाण, रसायनाचं नाव, ‘करा’ आणि ‘करू नका’ यांतला फरक माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्या भाषांतरावर विसंबू नये. मेकॅनिकशी फोनवर बोलून त्याच्या नावाने, त्याच्या परवानगीने कोणी सहकाऱ्याने मेल लिहिलं तर तेही चालतं. आणि वाचणाऱ्यांनी भाषेतल्या चुका सोडून मजकूर वाचावा, ही सवय मॉडरेटरने स्वतःच्या वागण्यातून लावावी.

खाजगीपणाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. गट बंद असला, म्हणजे परवानगीशिवाय कोणाला आत येता येत नसलं, तरी गेलेलं मेल शेकडो इनबॉक्समध्ये पोहोचलेलं असतं आणि परत घेता येत नाही. रुग्णाचं नाव, चेहऱ्याचा फोटो, अत्याचार सोसलेल्या बाईचं गाव, संघर्षाच्या भागात मदत साठवलेली जागा, यातलं काहीही कधीच लिहू नये. ‘नाव दिलं नाही’ एवढ्याने भागत नाही; वय, गाव आणि आजार एकत्र आले की लहान वस्तीत माणूस ओळखू येतो. दुसऱ्याचं मेल गटाबाहेर पाठवायचं असेल तर त्याला आधी विचारावं.

आणि एक मेल राहून जातं, जे लिहायला कोणालाच सवड होत नाही. प्रश्न विचारून, उत्तरं घेऊन, काम करून झाल्यावर सहा महिन्यांनी गटाला कळवणं: ‘सकाळचा आणि नंतरचा नमुना घेतला. लोह पाइपांचंच निघालं. एवढ्या हापशांचे पाइप बदलले, एवढ्यांचे बदलता आले नाहीत, कारण हे.’ कोणतं उत्तर खरं ठरलं हे साठ्यात शोधणाऱ्या पुढच्या माणसाला त्याशिवाय कळणार नाही. सब्जेक्ट तोच ठेवून त्याच धाग्यात लिहावं, म्हणजे प्रश्न आणि निकाल एकत्र सापडतात.

हा साठा कोणाच्या मालकीचा, हेही गट सुरू करतानाच ठरवून घ्यावं. प्रकल्प तीन किंवा पाच वर्षांचा असतो, निधी संपला की सर्व्हरचं भाडं थांबतं, आणि दहा वर्षांच्या चर्चा एका दिवसात नाहीशा होऊ शकतात. सगळा साठा उतरवून घेण्याची सोय आहे का, ती कोणाकडे आहे, दरवर्षी प्रत कोण काढणार आणि ती कोणत्या संस्थेकडे राहणार, हे गटाच्या नियमांत लिहून ठेवावं, आणि जबाबदार माणूस बदलला की त्याच आठवड्यात पुढच्याचं नाव तिथे घालावं.